पुरणयंत्रातील बटाटा

बटाटा परदेशातून आला, तरी आता त्याला परका म्हणवत नाही. पोर्तुगिजांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि त्यांचाच 'बटाटा' हा शब्द मराठीने जसाच्या तसा ठेवून घेतला. उत्तरेत त्याचा 'आलू' झाला. आपल्याकडे तो बटाटाच राहिला. पुढे त्याला एवढा मान मिळाला की एकादशीच्या फराळातही त्याची जागा पक्की झाली. लसणाची कथा याच्या उलट आहे. तो आपला फार जुना रहिवासी; आमच्या मराठवाड्यात ठेच्यावाचून आणि लसणाच्या चटणीवाचून ज्वारीची भाकरी सरत नाही. तरीही चातुर्मास लागला की अनेक घरांत त्यालाच उंबरठ्याबाहेर थांबावे लागते. हे दोघे एका पातेल्यात आले की जो मऊ, सायीसारखा पदार्थ तयार होतो, त्याला मोठ्या शहरांतील हॉटेलांत 'मॅश्ड पोटॅटो' म्हणतात. आमच्या घरी त्याचे नाव 'घोटीव बटाटा' असे पडले आहे. दिसायला साधा असा हा पदार्थ नीट का आणि कसा करावा, याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, म्हणून हे लेखन.

मी सेवानिवृत्त शिक्षक. बीड जिल्ह्यातील वडवणी येथे आम्ही दोघे पती-पत्नी राहतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू दुबळी झाली, वाचा अडखळू लागली आणि गिळण्याची क्रिया मंदावली. हात-पाय लुळे पडले की ते साऱ्यांना दिसतात. गिळण्यातील दुबळेपणा मात्र चटकन दिसत नाही. वास्तविक पक्षाघातानंतर तो पुष्कळ रुग्णांमध्ये आढळतो. आपण घास गिळतो तेव्हा जीभ, टाळू, घसा आणि स्वरयंत्र यांचे अनेक स्नायू क्षणार्धात एका मेळाने काम करतात आणि तेवढ्यापुरता श्वासनलिकेचा मार्ग बंद होतो. हा मेळ बिघडला की अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. जेवताना वारंवार खोकला येणे, घास घेतल्यानंतर घशात पाणी साचल्यासारखा आवाज येणे, गालात अन्न साठून राहणे, वजन घटणे, पुन्हा पुन्हा ताप येऊन छातीत कफ होणे, ही त्याची लक्षणे होत. काही वेळा तर खोकलासुद्धा येत नाही आणि अन्न निमूटपणे फुप्फुसाकडे जाते. म्हणून अशा रुग्णाने काय व कसे खावे, हे घरच्यांनी अंदाजाने ठरवू नये. डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट, म्हणजेच वाचा-उपचारतज्ज्ञ, तपासणी करून ते सांगतात.

आम्हांला सांगण्यात आले ते असे : अन्न गुळगुळीत हवे, त्यात गुठळी नको, कण नको, पाणी वेगळे सुटलेले नको आणि ते चिकटही नको. अन्नाच्या घट्टपणाची एक आंतरराष्ट्रीय मापनपद्धती आहे. तिच्यात शून्यापासून सातपर्यंत पायऱ्या असतात. शून्य म्हणजे साधे पाणी आणि सात म्हणजे नेहमीचे जेवण. पत्नीसाठी चौथी पायरी ठरली, म्हणजे चावावे न लागणारे, चमच्यावर आकार धरून राहणारे अन्न.

ऐकताना हे सोपे वाटते. पण ज्या बाईने पन्नास वर्षे चुलीवर आणि नंतर शेगडीवर भाकरी थापली, तिच्यापुढे तीन वेळा तोच मिळमिळीत लगदा ठेवणे सोपे नसते. मुगाच्या डाळीचा घोटा झाला, गाळलेली भरडी झाली, पिकलेले केळे झाले. ती दोन चमचे घेई आणि तोंड फिरवी. वजन घटू लागले. तिला काय हवे आहे हे शब्दांत सांगता येत नव्हते. एके दिवशी तिने डाव्या हाताची मूठ वळली आणि मांडीवर दोन-तीनदा हलकेच आपटली. मला काही उमगेना. तेव्हा तिने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील खलबत्त्याकडे बोट दाखवले. तिला ठेचा हवा होता. मिरचीचा तिखटपणा आणि दाण्यांचा रवाळपणा आता तिला झेपणार नव्हता. पण ठेच्याचा प्राण म्हणजे लसूण. लसणाची चव तिच्यापर्यंत सुखरूप कशी पोहोचवावी, हा प्रश्न आमच्या घरात तेथून सुरू झाला.

उत्तर सापडले ते फडताळात. पितळेचे पुरणयंत्र तेथे वर्षभर कापडात गुंडाळलेले असे आणि होळीला बाहेर निघे. खाली बारीक छिद्रांची जाळी, वर फिरणारे पाते आणि त्याला दांडा. शिजलेली डाळ व गूळ त्यातून फिरवला की एकही कण न राहता पुरण खाली उतरते. त्याच जाळीतून शिजलेला बटाटा फिरवला तर तो लोण्यासारखा होतो. यात नवल नाही. मॅश्ड पोटॅटोसाठी जगभर नाव मिळवलेले फ्रान्सचे बल्लवाचार्य जोएल रोबुशाँ (१९४५–२०१८) हेही शिजलेला बटाटा हाताने फिरवायच्या अशाच जाळीच्या यंत्रातून काढीत आणि मग त्यात सढळ हाताने लोणी मिसळीत. पॅरिसच्या त्या स्वयंपाकघरातील यंत्र आणि आपल्या घरातील पुरणयंत्र ही एकाच जातीची भावंडे आहेत.

मिक्सर घरात असताना एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण बटाट्याच्या घडणीत आहे. बटाट्याच्या सूक्ष्म पेशींमध्ये पिष्टाचे कण भरलेले असतात. शिजताना हे कण पाणी शोषून पेशीच्या आतच फुगतात. हलक्या दाबाने बटाटा मोडला तर पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, पण बहुतेक फुटत नाहीत. म्हणून तो मऊ आणि मोकळा लागतो. मिक्सरचे वेगवान पाते पेशी फाडून टाकते. आतले पिष्ट बाहेर येते आणि कपड्यांना घालण्याच्या खळीसारखा तारदार, चिकट गोळा तयार होतो. पाट्यावर फार वेळ वाटले तरी तेच घडते. धडधाकट माणसाला तो केवळ बेचव लागेल. ज्याची जीभ आणि घसा दुबळे आहेत, त्याच्या टाळूला आणि घशाला मात्र तो चिकटून बसेल, आणि ते धोक्याचे आहे. पुरणयंत्र नसेल तर पुरणाची चाळणी घ्यावी आणि वाटीच्या बुडाने बटाटा तिच्यातून दाबून काढावा. काम तेच होते. शिवाय वीज गेली तरी अडत नाही.

आता बटाट्याची निवड. आमच्या आठवडी बाजारात बटाटा बहुधा बाहेरूनच येतो. कधी पुणे जिल्ह्यातील मंचरच्या बाजूचा, कधी उत्तर प्रदेशातील. विक्रेता वाणाचे नाव सांगत नाही, पण 'जुना' की 'नवा' एवढे नक्की सांगतो. नव्या बटाट्याची साल पातळ असते आणि नखाने निघते. त्यात पाण्याचा अंश अधिक असल्याने तो रश्श्याला चांगला. घोटण्यासाठी जाड सालीचा, पिठूळ, जुना बटाटा घ्यावा. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने वेफर्ससाठी 'कुफरी चिप्सोना' या नावाची वाणे काढली. त्यांत घन अंश अधिक असतो. असा बटाटा मिळाला तर घोटण्यासही उत्तम. शीतगृहातून नुकताच निघालेला बटाटा कधीकधी गोडसर लागतो, कारण थंडीत त्यातील काही पिष्टाची साखर होते. याच कारणाने घरीही बटाटे फ्रीजमध्ये न ठेवता टोपलीत, अंधाऱ्या व हवेशीर जागी ठेवावेत. हिरवट झालेला किंवा फार मोड आलेला बटाटा टाकून द्यावा. त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते आणि ते शिजवल्याने जात नाही.

लसणाचे गुपित त्याहून रंजक आहे. अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ती चिरली किंवा ठेचली की तिच्यातील दोन वेगवेगळी द्रव्ये एकत्र येतात आणि ॲलिसिन नावाचे उग्र द्रव्य जन्माला येते. ठेच्याचा झटका तो हाच. पण पाकळी अखंड असतानाच मंद आचेवर शिजवली, तर ही क्रिया घडवून आणणारे विकर उष्णतेने निकामी होते. मग उग्रपणा येत नाही. उरतो तो लसणाचा सौम्य, गोडसर सुगंध. घसा हुळहुळा झालेल्या माणसासाठी हाच लसूण योग्य. गावरान लसणाच्या पाकळ्या बारीक असतात, पण त्यांचा स्वाद खोल असतो. त्या सोलायला वेळ लागतो खरा. तरी निवृत्त माणसाकडे वेळेची ददात नसते.

दोघांपुरती कृती अशी. अडीचशे ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचे दोन-तीन जुने बटाटे सालीसकट स्वच्छ धुऊन थंड पाण्यात घालावेत आणि मग आच लावावी. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा भाग फुटतो आणि आतला कच्चा राहतो. सुरी सहज आरपार जाईपर्यंत शिजू द्यावेत. तोवर दुसऱ्या लहान पातेल्यात अर्धा कप दूध आणि लसणाच्या सहा सोललेल्या अखंड पाकळ्या घालून अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटे ठेवावे. पाकळी बोटांत धरताच लोण्यासारखी दबली म्हणजे झाले. दूध आटले तर थोडे वाढवावे. बटाटे निथळून, फडक्यात धरून गरम असतानाच सोलावेत आणि रिकाम्या पातेल्यात एक मिनिट मंद आचेवर ठेवून त्यांच्यातील पाण्याची वाफ जाऊ द्यावी. मग दुधातल्या पाकळ्या व बटाटे गरम असतानाच पुरणयंत्रातून फिरवावेत. थंड झालेला बटाटा गुठळ्या धरतो. खाली उतरलेल्या मऊ लगद्यात प्रथम एक मोठा चमचा साजूक तूप किंवा घरचे लोणी मिसळावे. स्निग्धांश आधी गेला की पिष्टाला वेढून राहतो आणि पदार्थ चिकट होत नाही. त्यानंतर लसणाचे कोमट दूध थोडे थोडे घालीत लाकडी पळीने हलक्या हाताने मिसळावे, फेटू नये. शेवटी दोन चमचे घोटलेली साय आणि चवीपुरते मीठ. वरून कोथिंबीर, मिरपुडीचे जाड कण किंवा तळलेला लसूण रुग्णाच्या वाटीत घालू नये. ते इतरांच्या ताटात शोभतात.

वाढण्यापूर्वी चमच्याची परीक्षा घ्यावी. चमचाभर घेऊन चमचा तिरपा करावा. घोटीव बटाटा आकार धरून असला पाहिजे आणि थोड्याशा हेलकाव्याने एकसंध खाली पडला पाहिजे. पाण्यासारखा ओघळला तर तो पातळ आहे; चमच्याला चिकटून बसला तर तो घट्ट आहे. हा पदार्थ थंड होता होता घट्ट होतो, म्हणून जेवण लांबले तर मधेच कोमट दूध मिसळून पुन्हा परीक्षा करावी.

भरवण्याचीही एक रीत आहे. रुग्ण खाटेवर आडवा असता कामा नये; पाठीला आधार देऊन सरळ बसवावे. भरवणाऱ्याने उभे न राहता समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसावे. उभ्याने भरवले तर रुग्णाची मान वर होते आणि श्वासनलिका उघडी पडते. लहान चमचा, अर्धाच भरलेला. एक घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा देऊ नये. त्या वेळी दूरदर्शन बंद ठेवावे आणि प्रश्न विचारू नयेत. उत्तर देण्याच्या नादात श्वास आणि घास यांची गल्लत होते. जेवण झाल्यावर गालात काही राहिले नाही ना ते पाहावे, तोंड स्वच्छ करावे आणि किमान अर्धा तास बसवून ठेवावे. तोंडाची स्वच्छता केवळ दातांसाठी नव्हे. लाळेबरोबर जंतू फुप्फुसात जाऊ नयेत, यासाठीही ती आवश्यक आहे.

हा पदार्थ प्रत्येकाला सारखाच मानवेल असे नाही. घोटलेल्या बटाट्याने रक्तातील साखर लवकर वाढते. म्हणून मधुमेह असेल तर त्याला भाकरी-भाताची जागा द्यावी, त्यांच्या जोडीला वाढू नये, आणि प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवावे. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमची मर्यादा असते आणि बटाट्यात ते भरपूर असते. अशा रुग्णासाठी बटाटा सोलून, लहान फोडी करून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यावे. त्यामुळे पोटॅशियम कमी होते, तरी आहारतज्ज्ञाची अनुमती हवीच. रक्तदाब असेल तर मीठ कमी करावे. लसणाच्या सुगंधामुळे अळणीपणा फारसा जाणवत नाही. रक्त पातळ ठेवण्याची औषधे सुरू असतील तर जेवणातल्या चार पाकळ्यांची सहसा चिंता नसते, पण लसणाच्या गोळ्या किंवा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. आणखी एक गोष्ट : शंभर ग्रॅम बटाट्यात प्रथिने जेमतेम दोन ग्रॅम असतात. केवळ यावर रुग्णाचे पोषण होणार नाही. घोटून गाळलेले मुगाचे वरण, मऊ फेटलेले दही, दुधात मिसळलेली दूधपावडर अशी जोड द्यावी. उरलेला घोटीव बटाटा लगेच फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी नीट गरम करून संपवावा. आणि सोललेला लसूण तेलात बुडवून बाहेर साठवू नये, त्यात घातक जंतू वाढण्याचा धोका असतो.

पहिल्यांदा हा पदार्थ पत्नीला दिला, तेव्हा तिने घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले. नेहमीप्रमाणे दोन चमच्यांनंतर तोंड फिरवील म्हणून मी थांबलो. तिने डाव्या हाताने वाटी आपल्याकडे ओढली. त्या दिवशी ती वाटी संपली. पुढील काही महिन्यांत वजन स्थिरावले. त्याचे श्रेय औषधांना, व्यायामाला आणि तिच्या चिकाटीला आहे. लसणाने आजार बरा होतो असा दावा मी करणार नाही. लसणाने एवढेच केले की तिला पुन्हा जेवावेसे वाटू लागले. आजारपणात ही गोष्ट लहान नसते.

मग आषाढ आला. आमच्याकडे शुद्ध नवमीला कांदेनवमी करतात. कांदा-लसणाचे पदार्थ पोटभर खाऊन चातुर्मासासाठी त्यांचा निरोप घेतात. पत्नीने हा नेम सासरी आल्यापासून पाळला आहे. "आजाऱ्याला नेम नसतो, अहो," असे शेजारच्या वहिनींनी मला समजावले आणि त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. पण निर्णय माझा नव्हता, त्यांचाही नव्हता. मी पत्नीसमोर दोन वाट्या ठेवल्या. एकीत लसूण होता, दुसरीत जिऱ्याचे तूप. तिने दोन्हींचा वास घेतला आणि जिऱ्याची वाटी उचलली. त्या चार महिन्यांत मी तुपात जिरे फुलवून ते तूप चहाच्या गाळणीतून गाळून बटाट्यात मिसळीत असे; जिऱ्याचा एकही दाणा वाटीत जाऊ दिला नाही. कार्तिकी एकादशीनंतर लसूण परत आला. ज्या माणसाला स्वतः उठता-बसता येत नाही, त्याच्या आयुष्यातील बहुतेक निर्णय दुसरेच घेत असतात. काय खावे आणि काय खाऊ नये, एवढा तरी निर्णय त्याच्याकडे राहावा. शुश्रूषा करणाऱ्याने जपण्याची ही गोष्ट मला औषधाइतकीच महत्त्वाची वाटते.

आमच्या भागाचे आणखी एक वास्तव सांगितले पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. वाड्या-वस्त्यांवर पाच-सहा महिने म्हातारी माणसेच मागे राहतात. तेथे म्हाताऱ्याची शुश्रूषा म्हातारीला आणि म्हातारीची म्हाताऱ्याला करावी लागते. ज्याने आयुष्यात कधी चहाही केला नाही, त्या पुरुषाला सत्तरीत स्वयंपाक शिकावा लागतो. अशा घरात महाग यंत्रे नसतात आणि आहारतज्ज्ञ जवळ नसतो. पण दोन बटाटे, लसणाचा एक गड्डा, घोटभर दूध आणि पुरणाची चाळणी बहुतेक घरांत असते. त्यांच्यासाठी ही कृती मी एवढ्या बारकाव्याने लिहिली.

आता आम्ही दोघे एकाच वेळी जेवायला बसतो. माझ्या ताटात भाकरी, ठेचा आणि तोच घोटीव बटाटा असतो. तिच्या वाटीत फक्त बटाटा आणि वरण. रुग्णाचे वेगळे, घरच्यांचे वेगळे असे दोन स्वयंपाक आमच्या घरात राहिलेले नाहीत, आणि तिला एकटीला जेवावे लागत नाही. पातेले उतरवले की पहिला चमचा तिला चाखायला द्यायचा असा आता शिरस्ता आहे. मीठ कमी असले की ती भुवई उंचावते, लसूण बेताचा असला की मान डोलावते. पन्नास वर्षे या घरातील चव तिनेच ठरवली. अजूनही तीच ठरवते.